झाडून सगळ्यांना माझाच नंबर

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं तो क्षण आधी सांगतो, बाकीचं मागाहून. मी टेबलाखाली होतो. दातांत स्क्रू, हातात नेटची वायर, आणि वरून एक आवाज आला की टेबलाखाली कुणी असेल तर कृपा करून बाहेर यावं, वर्ग भरायचा आहे. मी बाहेर यायच्या ऐवजी तिथल्या तिथे उभा राहिलो. कपाळाला टेंगूळ आलं. टेंगूळ उतरलं, बाकी काही उतरलेलं नाही.

त्या गणिताच्या बाई. आता डोळे वटारू नकोस. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या असतील. फळ्यावर वर्तुळ काढतात ते कंपासाशिवाय, आणि ते वर्तुळच होतं. मला अजून नावानं हाक मारत नाहीत. वर्गात काही अडलं की टेबलाखालच्यांना बोलवा म्हणतात. सगळी शाळा आता मला टेबलाखालचे म्हणते, आणि मला त्याचा राग येत नाही, यावरून काय ते ओळख.

फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो म्हणून पत्रंच लिहायची, ही तुझी अट मी पाळतो आहे. तेव्हा नोकरीचंही ऐक. ही शाळा सकाळची आणि मोठ्या माणसांची. ज्यांची शेवटची इयत्ता संसारात नाहीतर पोटापाण्यात राहून गेली, ते इथे येतात. यंदापासून धडे, गृहपाठ आणि परीक्षासुद्धा संगणकावर. त्यांना त्याची सवय लावायची, हे माझं काम. सगळे माझ्या दुप्पट वयाचे, आणि मला सर म्हणतात. कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेल्याला सर! बाबांना सांगू नकोस, ठसका लागेल.

एकेक नमुने आहेत. लिफ्टवाले काका बटण एकदाच दाबतात आणि हात मागे बांधून वाट बघतात. मी सांगितलं की दोनदा दाबायचं, टक टक. ते म्हणाले की उभा जन्म लिफ्टमध्ये गेला, सारखं बटण दाबणारी माणसं त्यांच्या डोक्यात जातात. शिलाईवाल्या काकूंचं उलट. त्या दाबतच नाहीत. बाण बटणावर नेऊन ठेवतात आणि श्वास रोखून बसतात. कारण विचारलं तर म्हणाल्या की कात्री लावली की लावली. मी त्यांना चुकलेलं मागे नेणारं बटण दाखवलं. त्यांनी एक ओळ पुसली, परत आणली, पुसली, परत आणली. मग म्हणाल्या की असं एक बटण दुकानात असतं तर किती गिऱ्हाइकांचे ब्लाउज वाचले असते.

मोठी पंचाईत होती ती आत शिरण्याची. पासवर्ड टाकला की फोनवर आकड्यांचा कोड येतो, तो लिहिला की दार उघडतं. आता कुणाचा फोन नवऱ्याबरोबर कामावर, कुणाचा मुलाकडे, कुणाला मेसेज उघडता येत नाही. पहिले चार दिवस यातच गेले. मग मी एका दुपारी बसून सगळ्यांचे पासवर्ड स्वतः केले आणि झाडून सगळ्यांना माझाच नंबर देऊन टाकला. आता कोड येतात माझ्या फोनवर. मी वर्गात फिरत फिरत वाचून दाखवतो, फारच अडलं तर माऊस घेऊन करूनही देतो. घंटा व्हायच्या आत सगळा वर्ग आत. परवा ती, म्हणजे गणिताच्या बाई, म्हणाली की तुम्ही नसता तर आमचं कसं झालं असतं. ताई, मी पायऱ्या उतरलो त्या बहुतेक न मोजता तरंगतच.

पत्राचं उत्तर लगेच दे, उपदेश सावकाश दे.

तुझा,
धाकटा


ता. १२ ऑगस्ट

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद.

टेंगूळ उतरल्याचं वाचून बरं वाटलं. उरलेलं उतरेल असं वाटत नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. एवढंच विचारते की टेबलाखालच्यांनी कॉलेज सोडलंय हे त्या बाईंना माहीत आहे का? त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे.

तुझे लिफ्टवाले काका मला फार आवडले. त्यांना माझ्याकडे गाडी शिकायला पाठव. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सध्या सगळे हॉर्नवर हात ठेवून जन्माला आलेले.

नंबराचं मात्र मला पटलं नाही. माझ्या शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तुला ठाऊक आहे. मागे एक बँकेतले गृहस्थ यायचे, भारी सज्जन. रस्त्यात कुणी आलं की ते घाबरायचे आणि मी ब्रेक दाबायचे. हळूहळू त्यांची समजूत झाली की गाडी समंजस आहे, आपली आपण थांबते. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी मला खाली उतरवलं, आणि या गृहस्थांनी गाडी थेट एका दुकानाच्या पायरीवर नेली. कुणाला लागलं नाही. दुकानदाराची समजूत काढायला मीच गेले, आणि मला त्या गृहस्थांचा मुळीच राग आला नाही. माझा आला.

तू एक दिवस तापानं फणफणलास तर तुझा वर्ग कुठे बसणार? आणि तुला हे सुचलं नसेल असंही मला वाटत नाही. सुचलं असेल, आणि आवडलं असेल. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ही भावना तुला लहानपणापासून गोड लागते. टीव्हीचा रिमोट खिशात घालून खेळायला जाणारा तूच ना?

बाबा रोज जेवताना टपाल आलं का विचारतात. तुझं नाव घेत नाहीत, टपालाचं घेतात.

जप स्वतःला. माया आहे तितकीच राहील, कान पिळणं मात्र वाढवीन म्हणते.

तुझी,
ताई


ता. २१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी ब्रेकची गोष्ट वाचली. गाडी वेगळी आणि संगणक वेगळा. संगणक कुणाच्या पायरीवर चढत नाही. आणि रिमोटची गोष्ट आता विसर, मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

इथवर सकाळी लिहिलं होतं. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, कारण दुपारी मी नोकरी सोडली.

काल परीक्षा मंडळाचा कागद आला. सहा सप्टेंबरला संगणकावर सराव परीक्षा. ज्यांना स्वतःहून आत शिरून पेपर देता येईल तेच यंदा खऱ्या परीक्षेला बसणार, बाकीच्यांचं वर्ष गेलं. आमचे हेडसर आधीच या संगणकांवर खार खाऊन आहेत. आज शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मला म्हणाले की जो स्वतः अर्धवट शिकला, त्याच्याकडून शिकून पुरं कोण होणार.

ताई, मी ऐकून घेणारा माणूस नाही. मी म्हणालो की पुरे शिकलेले हेडसर अजून आपली ईमेल शेजारच्या शाळकरी पोराकडून उघडून घेतात. एवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हणालो की माझ्याशिवाय तुमचा वर्ग एक दिवस चालवून दाखवा, आणि संगणकाच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर अशा आपटल्या की चहाचा कप आडवा झाला.

ते सगळं मी सोसलं असतं. पण ती तिथेच उभी होती. एक अक्षर बोलली नाही. कॉलेजचं तिला मी पंधरा ऑगस्टच्या आसपास स्वतःच सांगितलं होतं, तू म्हणालीस म्हणून. तेव्हा नुसतं हं म्हणाली होती. आज हंसुद्धा नाही. तो चहा पुसायला लागली.

फोन बंद करून ट्रंकेच्या तळाशी टाकला आहे. आता कळेल सगळ्यांना.

ज्याला कुणीच विचारत नाही असा,
तुझा धाकटा


ता. २३ ऑगस्ट

चि. सरांस,
अनेक आशीर्वाद.

वयानं मी मोठी म्हणून चिरंजीव, आणि वर्गात तुम्ही मोठे म्हणून सर. दोन्ही गोड मानून घ्या. तुमचा फोन लागत नाही. तुमच्या खोलीवर दोनदा येऊन गेले. दार बंद, आत पंखा चालू. पंखा काही एकटा वारा खात नाही. म्हणून ही चिठ्ठी दाराखालून सारते आहे. शुद्धलेखनाकडे बघू नका, मी लिहिलंय आणि लिफ्टवाल्या काकांनी तपासलंय, म्हणजे बघा.

काल आम्ही सगळे वेळेवर बसलो. पासवर्ड टाकला. कोड पाठवला आहे, असं स्क्रीन म्हणाली. आम्ही वाट बघितली. काकांना तर वाट बघण्याचं काहीच वाटत नाही. मग त्यांचं लक्ष गेलं की कोड कुठल्या नंबरावर गेला त्याचे शेवटचे दोन आकडे खाली दिसतात. त्यांनी माझ्या स्क्रीनवर बघितलं, तेच दोन आकडे. मग जो तो उठून दुसऱ्याचं बघायला लागला. सगळीकडे तुम्हीच. दवाखान्यात आयाचं काम करणारी आमची मैत्रीण हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिनं रात्रपाळी बदलून घेऊन हा वर्ग धरलाय.

सर, तुम्ही हे आमच्या सोयीसाठी केलंत हे मला कळतं. मीपण नव्या पोरीला सुईत दोरा ओवून देते. पण मग तिला जन्मभर माझ्याच डोळ्यांनी ओवावा लागेल.

हेडसर दारात येऊन उभे राहिले, बंद स्क्रीन बघितल्या आणि काही न बोलता गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. गणिताच्या बाईंना आम्ही म्हटलं की तुम्ही बोलवा त्यांना, तुमचं ऐकतील. त्या म्हणाल्या की ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं, पण दुसऱ्यांची कुलपं उघडून देऊन जावं. आणि मग दिवसभर फळ्यावर शिकवलं, आवाज बसेपर्यंत.

माझी शाळा सुटली तेव्हा ती मी सोडली नव्हती, घरच्यांनी सोडवली होती. मला कुणी विचारलं नाही. आता पुन्हा दुसऱ्या कुणाच्या रागापायी सुटली तर मला ते चालायचं नाही. तुमचा राग तुमच्यापाशी हवा तेवढा ठेवा. आमचे नंबर तेवढे बदलून द्या.

जेवत जा. पंखा बंद करून बाहेर या.

आपली विद्यार्थिनी आणि वडीलधारी,
शिलाईवाल्या काकू


ता. २५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र आज पोचलं. म्हणजे त्या बाई गप्प राहिल्या म्हणून तू घरात बसलास, आणि तू घरात बसलास म्हणून वर्ग बाहेर बसला. आधी गाडी पायरीवरून खाली घे. त्या हेडसरांचं बोलणं वाईटच होतं, त्यांच्याशी भांडायला पुढे आयुष्य पडलंय, हवं तर मीही येते.

ट्रंकेतला फोन काढून चालू कर. पत्रांची अट या एका दिवसापुरती उठवली आहे. तू फोनवर ओरडलास तरी ऐकेन.

ताई


ता. ३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडलो नाही, याची नोंद घे. तू ओरडलीस.

काकूंची चिठ्ठी वाचून त्याच दिवशी संध्याकाळी बाहेर पडलो होतो, तुझं पत्र यायच्या आधीच. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर सगळं श्रेय तू घेशील. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी हेडसरांकडे गेलो. म्हणालो की ओरडलो त्याची माफी मागतो, जे बोललो त्याची मागत नाही. त्यांनी खण उघडला. मग म्हणाले की त्यांचंही तसंच समजावं. किल्ल्या त्यांनी त्यातच ठेवल्या होत्या, त्या काढून दिल्या.

मग तिच्याकडे. मी विचारलंच की तेव्हा तुम्ही गप्प का होता. म्हणाली की हेडसरांचं वाक्य चुकीचं होतं आणि त्यावरचं माझं उत्तर त्याहून चुकीचं होतं, कुठलं आधी सोडवायचं ते तिला सुचेना. आणि त्याच संध्याकाळी ती हेडसरांच्या घरी जाऊन त्यांचं वाक्य त्यांना परत करून आली होती. माझं माझ्याकडे आणायला आली नाही, कारण मी फोन बंद केला होता. ताई, या खेपेला डोक्यावर टेबल नव्हतं, तरी आपटल्यासारखं वाटलं.

आता वर्गाचं. पहिल्या दिवशी मी सगळी खाती उघडून माझा नंबर काढला, आणि घरून आपापला फोन मिळवून आणायला सांगितलं. काय एकेकाच्या घरी लढाया झाल्या! काकूंनी नवऱ्याला सांगितलं की परीक्षेपर्यंत सकाळचा फोन त्यांचा, दुपारी दुकानावर येऊन घेऊन जायचा. नवरा म्हणाला की कामाचे फोन येतात. त्या म्हणाल्या की कामाचे फोन त्या घेतील, आणि दोन दिवसांत त्यांनी नवऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला रखडलेल्या कामाची तारीख देऊनही टाकली. लिफ्टवाल्या काकांचा फोन इतका जुना की आकड्यांची बटणं झिजून कोरी झालीत. पण कोड येतो, आणि बोटांना पाठ आहे. आयाबाईंनी मुलाचा फोन मागितला तर त्यानं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांना शाळेत जायचंय. ही गोष्ट मुलाला आत्तापर्यंत माहीतच नव्हती.

पासवर्डही त्यांनी आपापले केले. टाकताना मला तोंड फिरवायला लावतात. माझ्या हातांना मात्र खाज सुटते. कुणाचा बाण भलतीकडे गेला की माझा हात निघालाच माऊसकडे. काकूंनी शेवटी गळ्यातली मापाची टेप काढून जमिनीवर आडवी टाकली आणि सांगितलं की सरांनी या रेघेच्या अलीकडे यायचं नाही, तोंडानं काय ते सांगायचं. तोंडानं सांगणं किती कठीण! हे करा, ते करा म्हणून चालत नाही. वर, उजवीकडे, तीन आडव्या रेघा, त्यावर. पहिल्या दिवशी निम्मा तास गेला आणि निम्मेच लोक आत गेले. मी टेपेच्या पलीकडून मुठी आवळून उभा. कालपासून जे आत गेलेत ते शेजाऱ्याला सांगतात. माझ्यापेक्षा बरं सांगतात, मला वाईट वाटण्याइतकं बरं. काकांनी एका बाईंना सांगितलं की पासवर्ड म्हणजे मजल्याचा आकडा, आणि कोड म्हणजे त्या मजल्यावरच्या आपल्या खोलीची किल्ली, मजला चुकला की किल्ली लागत नाही. त्यांना ते एका झटक्यात कळलं. मी आठवडाभर सुरक्षा या शब्दावर भाषण देत होतो.

अजून तिघं चौघं अडतात. दिवस थोडे आहेत. पण होईल. मी म्हणतोय म्हणून नाही, मी बघतोय म्हणून.

बाबांना सांग, टपाल आलं.

तुझा,
धाकटा


ता. ६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सराव परीक्षेच्या खोलीत मागच्या बाकावर बसून लिहितो आहे. मंडळाकडून एक पर्यवेक्षक आले आहेत, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांचा नियम असा की सगळे आत शिरेपर्यंत मी बसू शकतो, पण बोलायचं नाही, उठायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. आत शिरलं की फोन त्यांच्याकडे जमा, आणि मी बाहेर. तेव्हा हातांना काहीतरी काम हवं म्हणून तुला लिहितो. अक्षर वेडंवाकडं आलं तर कारण समज.

ती दाराशी उभी आहे. तिलाही बोलायची परवानगी नाही. हातात खडू आहे, इथे फळा नाही तरी.

काका गेले आत. आयाबाई गेल्या. पहिली पूर्ण रांग गेली. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता काकू. पासवर्ड टाकला. कोड आला. त्या चष्मा सारून वाचायला लागल्या, आणि त्याच क्षणी फोन वाजला. नवऱ्याचं गिऱ्हाईक. ताई, मी अर्धा उठलो होतो. पर्यवेक्षकांनी चष्मा खाली आणला. तिनं दाराशी उभ्या उभ्या मान हलवली, अगदी थोडी. मी बसलो. काकूंनी फोन घेतला, शांतपणे सांगितलं की दुपारनंतर करा, त्या परीक्षेत आहेत, आणि ठेवला. तोवर कोडची वेळ टळलेली. त्यांनी टाकला, तांबडी ओळ आली. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी हात मांडीवर ठेवून माझी वाट बघितली असती. आज त्यांनी खाली बघितलं, पुन्हा कोड पाठवा असं लिहिलेलं शोधलं, बाण नेला. श्वास रोखला. आणि दाबलं.

नवा आला. टाकला. आत.

माझा पेन हातातून खाली पडला, तो उचलायला मला टेबलाखाली जावं लागलं. हसू नकोस.

आता दोघंच राहिलेत, आणि शेजारचे त्यांच्याकडे न बघता स्वतःचा पेपर उघडून बसलेत, म्हणजे त्यांची कुणाला काळजी नाही. मलाही नाही. बघ, लिहिता लिहिता एक गेला.

ताई, तुला एक सांगतो. आता या वर्गाला माझी गरज नाही. पुढच्या तुकडीला शिकवायला काकू आणि काका तयार आहेत, हेडसरांनीच त्यांना विचारलं. तिचंही माझ्यावाचून काही अडत नाही. मागच्या महिन्यात असं कुणी म्हटलं असतं तर मी किल्ल्या आपटल्या असत्या. आज वाटतं की आता तिला विचारायला हरकत नाही. आधी विचारलं असतं तर तिला वाटलं असतं की कोडच्या बदल्यात विचारतोय. पेपर संपला की विचारणार. नाही म्हणाली तर तुला पत्र येईल, हो म्हणाली तर अट मोडून फोन.

कॉलेजचं बाबांना सांग की मी विचार करतो आहे. विचार म्हणजे हो नव्हे, हेही सांग.

शेवटचाही गेला. पर्यवेक्षक माझ्याकडे बघताहेत. तुझी माया अशीच राहू दे, मी तिला शोभेन असं वागायला लागलो आहे, निदान आजच्यापुरतं.

तुझा,
धाकटा

ता. क. एवढं व्हरांड्यात भिंतीला कागद टेकवून लिहितो. निघताना ती दाराशी हळूच म्हणाली की दार उघडंच राहू द्या, कुणाला काही लागलं तर हाक मारता येईल. मी एकवार आत बघितलं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या, आणि बोटं चालू होती. मी म्हणालो की कुणाला काही लागणार नाही. मग बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.